कल्याणचा न चाललेला खटला

कोहिनूर हे नाव ऐकले की वाचकांच्या मनात प्रथम हिराच येईल. आमचे कोहिनूर म्हणजे बिदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातील, कलबुर्गीच्या सीमेकडचे एक गाव. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा हा मुलूख कर्नाटकाकडे गेला. परंतु मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा येथे आजही एकाच ओसरीवर बसून बोलतात. या तालुक्याला ज्या नगरीचे नाव आहे, त्या कल्याणनगरीत सुमारे साडेआठशे वर्षांपूर्वी एक राजा मारला गेला, असे आपण परंपरेने ऐकत आलो आहोत. त्याला कोणी मारले, का मारले आणि मारणे योग्य होते काय, हे तीन प्रश्न निरनिराळे आहेत. व्यवहारात मात्र आपण त्यांची सरमिसळ करतो. ‘का’ याचे उत्तर पटले की ‘कोणी’ याचा पुरावा मागत नाही, आणि कथा आपल्या माणसांची असली तर ‘योग्य काय’ हा प्रश्न मनात उठूही देत नाही. वकिलीच्या धंद्यात ही सरमिसळ रोज पाहावयास मिळते. म्हणून त्या जुन्या प्रकरणाचे कागद, कागद कसले, शिळा आणि पोथ्या, पुन्हा एकदा उलगडून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम ती नगरी कोणती, हे ध्यानात घेतले पाहिजे. कल्याण ही चालुक्यांची राजधानी. सहावा विक्रमादित्य तेथे १०७६ पासून ११२६ पर्यंत राज्य करीत होता. त्याच्या वैभवाची साक्ष हुमनाबादजवळच्या जलसंगवीच्या शिवमंदिरावर आजही उभी आहे. तेथील एक शिलाबालिका हातात लेखणी घेऊन त्या राजाच्या स्तुतीचा लेख लिहीत असलेली दाखविली आहे. याच विक्रमादित्याच्या काळी विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली आणि ग्रंथाच्या शेवटी कल्याणासारखे नगर नाही, विक्रमार्कासारखा राजा नाही, अशी ग्वाही दिली. विज्ञानेश्वराचे गाव म्हणून कलबुर्गी जिल्ह्यातील मरतूर दाखविले जाते. हिंदूंच्या वारसाहक्काचे आणि एकत्र कुटुंबाचे खटले बंगाल वगळता जवळजवळ साऱ्या भारतात याच ग्रंथाच्या आधाराने चालत. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमानंतर त्याचे क्षेत्र आकुंचित झाले, २००५ च्या दुरुस्तीने मुलीही सहदायाद झाल्या, तरीही ‘मिताक्षरा कुटुंब’ हा शब्द आमच्या अर्जांतून अद्याप गेलेला नाही. गोमंतकीय वाचकांचा दिवाणी कायदा वेगळ्या परंपरेतून आला असला तरी हे नाव त्यांनाही परके नसावे.

सांगावयाचे ते हे की, ज्या नगरीत राजाच्या हत्येची कथा घडली, त्याच नगरीत त्यापूर्वी दोन पिढ्यांच्या आत पुरावा कसा घ्यावा, साक्षीदार कोण असावेत आणि न्याय कोणत्या क्रमाने द्यावा याचा भारतातील एक श्रेष्ठ ग्रंथ लिहून तयार होता. कायदा नव्हता म्हणून माणसे शस्त्राकडे वळली, असे कल्याणच्या बाबतीत म्हणता येत नाही.

आता राजाविषयी. बिज्जळ हा कलचुरी घराण्यातला. त्याच्या पूर्वजांचे ठाणे मंगळवेढे, म्हणजे आज सोलापूर जिल्ह्यात असलेले दामाजीपंतांचे आणि चोखोबांचे मंगळवेढे. हे घराणे चालुक्यांचे मांडलिक होते. तिसऱ्या तैलपाच्या दुर्बळ कारकीर्दीत, ११५७ च्या सुमारास बिज्जळाने सार्वभौमाची बिरुदे धारण केली आणि पुढे कल्याणही हाती घेतले. म्हणजे ज्याला आपण पीडित राजा वा जुलमी राजा म्हणतो, तो स्वतःच धन्याचे राज्य बळकावून गादीवर आलेला होता. त्याच्या पदरी बसवेश्वर भांडाराचे अधिकारी होते. त्यांच्याभोवती जमलेल्या शरणांत ब्राह्मण होते, तसेच चांभार, परीट, नावाडी, दोरखंड वळणारे असे सर्व कष्टकरी होते. श्रम हीच पूजा मानणारी आणि जन्मावरून माणसाची किंमत न करणारी ही मंडळी होती.

पुढची कथा सर्वश्रुत आहे. पूर्वाश्रमीचा ब्राह्मण मधुवरस आणि चर्मकार हरळय्या हे दोघेही शरण. मधुवरसाची कन्या हरळय्याच्या मुलास दिली गेली. नगरीत खळबळ उडाली. राजाने त्या दोघा पित्यांना भयंकर शिक्षा दिली. कोठे त्यांचे डोळे काढल्याचे सांगितले आहे, कोठे हत्तीच्या पायाला बांधून फरफटत नेल्याचे. बसवेश्वर कल्याण सोडून कूडलसंगमास गेले. त्यानंतर जगदेव नावाच्या शरणाने आपल्या सोबत्यांसह राजाला ठार केले. हे सारे ११६७-६८ च्या सुमाराचे.

या कथेचा पुरावा तपासावयास बसलो तर पहिली अडचण अशी येते की, ती सांगणारे ग्रंथ घटनेच्या मागाहूनचे आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. पाल्कुरिकी सोमनाथाचे तेलुगू ‘बसवपुराण’ तेराव्या शतकातले. भीमकवीने ते १३६९ साली कानडीत आणले. त्या परंपरेत जगदेव, मल्लय्या आणि बोम्मय्या राजवाड्यात शिरून भर दरबारात राजाला भोसकतात. विरूपाक्ष पंडिताचे ‘चन्नबसवपुराण’ १५८४ च्या सुमाराचे, घटनेनंतर चार शतकांनी लिहिलेले. तेथे मारेकरी मशालजी होऊन राजाजवळ पोचतात. विवाहाचा तपशीलही जुन्या ग्रंथांपेक्षा पुढच्या ग्रंथांत अधिकाधिक ठळक होत जातो. याच्या उलट, बिज्जळाच्या चरित्रावरील जैन कानडी काव्यात दरबार नाही, खंजीर नाही आणि मशालही नाही. राजा कोल्हापूरच्या शिलाहार भोजावरील स्वारीहून परत येताना भीमेच्या काठी छावणी करून राहतो. जैनाच्या वेशात आलेला एक जंगम त्याला विषारी फळ देतो आणि त्याचा वास घेताच राजा कोसळतो.

जागा वेगळी, हत्यार वेगळे, मारणाराही वेगळा. न्यायालयात असे साक्षीदार उभे राहिले तर उलटतपासणी करणाऱ्या वकिलाला फारसे श्रम पडणार नाहीत. एकाच गोष्टीवर दोन्ही बाजूंचे मतैक्य आहे, ते म्हणजे हे कृत्य बसवेश्वरांच्या अनुयायांनी केले. वरवर पाहता हा बळकट पुरावा वाटतो. शत्रू आरोप करतो आणि आरोपीच्या बाजूचा माणूस तो कबूल करतो, मग आणखी काय हवे? परंतु कबुलीचे वजन कबूल करणाराला तिच्यापासून काय मिळते यावर अवलंबून असते. ज्या पिढ्यांनी ही कथा पुराणात घातली, त्यांना फासावर जावयाचे नव्हते. शिवभक्तांचा छळ करणाऱ्याला शिवभक्तांनी शासन केले, हे सांगण्यात त्यांना पुण्य होते. जैन कवीला आपल्या राजाचा घात परधर्मीयांनी कपटाने केला, हे सांगण्यात समाधान होते. एकाने अभिमानापोटी आणि दुसऱ्याने द्वेषापोटी एकाच व्यक्तींकडे बोट दाखविले, म्हणजे दोन स्वतंत्र साक्षी झाल्या असे होत नाही. मित्र आणि शत्रू या दोघांनाही याज्ञवल्क्याने साक्षीदारांच्या यादीतून वगळले आहे. चोरी आणि साहस अशा प्रकरणांत त्याने तो नियम सैल केला हे खरे. परंतु साक्ष घेणे निराळे आणि तिच्यावर विसंबणे निराळे.

याज्ञवल्क्याने मानुष प्रमाणे तीन सांगितली आहेत: लिखित, भुक्ती आणि साक्षी. साक्षी पाहिल्या. भुक्तीचा येथे संबंध नाही. उरले लिखित. त्या काळच्या शिळा काय म्हणतात? कल्याणच्या गादीवर बिज्जळाचा मुलगा सोविदेव ११६७-६८ च्या सुमारास आला, हे त्या सांगतात. बापाचा खून झाल्याचे त्या सांगत नाहीत. राजाने स्वखुशीने राज्य मुलाकडे सोपविले, असाही अर्थ काही अभ्यासकांनी या लेखांतून काढला आहे. शिळेचे मौन म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला मात्र नव्हे. राजवंशाचे लेख दानाचे आणि स्तुतीचे असतात, घरातील रक्त ते सहसा कोरून ठेवीत नाहीत.

एक शिळा मात्र बोलते, आणि ती आपल्या नेहमीच्या समजुतीला धक्का देणारी आहे. हावेरी जिल्ह्यातील अब्लूर येथे इसवी सन १२०० च्या सुमाराचा एक लेख आहे. त्यात आळंदच्या, म्हणजे कोहिनूरच्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील आळंदच्या, एकांतद रामय्या नावाच्या शिवभक्ताची हकिकत आहे. त्याने जैनांशी पैज लावली की आपण मस्तक कापून शिवाला अर्पण करू आणि ते परत मिळवू. मिळाले तर जैनांनी आपल्या जिनमूर्तीच्या जागी शिवाची स्थापना करावी. पैज ताडपत्रावर लिहून घेतली होती. चमत्काराचा भाग आपण श्रद्धेकडे सोपवू. कायद्याच्या दृष्टीने पुढचा भाग महत्त्वाचा. जैनांनी शब्द पाळला नाही, रामय्याने मूर्ती फोडली आणि जैन तक्रार घेऊन बिज्जळाकडे गेले. राजाने दोन्ही बाजू ऐकल्या, लेखी करार पाहिला आणि रामय्याला जयपत्र दिले. शिवाय त्याच्या सोमनाथाच्या देवळाला गाव इनाम दिले. ज्याला पुढच्या काळात शिवभक्तांचा वैरी ठरविले गेले, त्याच राजाने जैनांविरुद्ध एका शिवभक्ताच्या बाजूने निकाल दिल्याचे हे प्रमाण आहे. कलचुरींच्या ध्वजावर सुवर्णवृषभ होता हेही विसरून चालणार नाही. म्हणजे ‘जैन राजा आणि छळले गेलेले शैव’ हे जे सोपे कारण या हत्येला जोडले जाते, ते त्या काळच्या जवळच्या पुराव्यावर टिकत नाही.

मग विचारावे कोणाला? येथे याज्ञवल्क्यस्मृतीतील दोन श्लोकांकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. मारणारा अज्ञात असेल तर तपास कसा करावा, याचा नियमच तेथे दिला आहे. मृताचे भांडण कोणाशी होते हे त्याच्या मुलांना आणि भाऊबंदांना ताबडतोब विचारावे, त्याच्याशी संबंधित स्त्रियांना स्वतंत्रपणे विचारावे. तो स्त्री, द्रव्य की उपजीविका यांपैकी कशाच्या मागे होता आणि शेवटी कोणाबरोबर गेला, याची चौकशी करावी. मृत्यूच्या जागेजवळ राहणाऱ्या लोकांना हळुवारपणे, विश्वास देऊन विचारावे. या क्रमाचा विचार करा. तपास मृताच्या घरापासून सुरू होतो. ज्याला वारसा मिळाला त्याला प्रथम प्रश्न विचारला जातो. कल्याणमध्ये हा नियम लागू केला असता तर पहिला प्रश्न सोविदेवाला विचारावा लागला असता, दुसरा कलचुरी भाऊबंदांना आणि तिसरा, ज्यांचे राज्य बिज्जळाने घेतले होते त्या चालुक्यांच्या पक्षपात्यांना. शरणांची पाळी त्यानंतर आली असती. सोविदेव दोषी होता असे मी म्हणत नाही, तसे म्हणावयास माझ्याजवळ आधार नाही. परंतु ज्याला विचारावयास हवे त्याला कोणी विचारले नाही आणि ज्यांना स्वतःचा बचाव करता येत नव्हता, कारण ते देशोधडीला लागले होते, त्यांच्या नावावर गुन्हा कायमचा जमा झाला, इतके निश्चित म्हणता येते. दोष सिद्ध झालेला नाही, हाच या भागाचा प्रामाणिक निकाल होय.

परंतु येथेच थांबणे ही पळवाट होईल. ज्या समाजाने ती कथा शतकानुशतके आदराने सांगितली, त्याने तिच्यातील कृत्याला नैतिक मान्यता दिली. म्हणून वादापुरते गृहीत धरू की जगदेवानेच राजाला मारले आणि हरळय्या व मधुवरस यांच्या यातनांनी पेटून मारले. मग त्याने योग्य केले काय?

आपली भाषा या प्रश्नाचे उत्तर विचार करण्यापूर्वीच देऊन टाकते. कंसाचा वध होतो, रावणाचा वध होतो, अफजलखानाचाही वध होतो. नारायणराव पेशव्यांचा मात्र खून होतो. देवळातील पुराणात ‘वध’ हा शब्द आला की श्रोत्यांचे हात आपोआप जोडले जातात. प्रत्येक ठिकाणी शब्द चुकीचा आहे असे नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी समोरचा माणूस शस्त्र घेऊन आलेला होता. परंतु शब्दाने निकाल आधीच दिला की पुराव्याची चौकशी करण्याची गरज उरत नाही, हा धोका आहे. जगदेवाचे कृत्य वध म्हणावे की खून, हे त्या कृत्याचे स्वरूप पाहून ठरले पाहिजे; ते आपल्या देवतेच्या नावाने झाले, एवढ्यावरून ते ठरू नये.

शास्त्रकारांनी आततायी ही कल्पना मांडली आहे. आग लावणारा, विष देणारा, शस्त्र घेऊन अंगावर येणारा, धन, जमीन वा स्त्री हिरावून नेणारा, असा मनुष्य येत असता त्याला ठार करणाऱ्याला दोष नाही, असे वचन आहे. मिताक्षरेत या वचनाची कसून चिकित्सा झाली आहे. मारण्याची मुभा ही संकट टळावे म्हणून आहे, सूड उगवावा म्हणून नव्हे, हा तिच्यातून निघणारा अर्थ आजच्या दंडविधानातील स्वसंरक्षणाच्या हक्काशी जवळून जुळतो. हरळय्याला बांधून नेत असता कोणी सेवकांवर तुटून पडला असता, तर तो आततायीचे निवारण करणारा ठरला असता. शिक्षा होऊन गेल्यावर, रात्र उलटल्यावर, मशाल घेऊन दबा धरणे हे निवारण राहत नाही. गेलेले डोळे त्याने परत येत नाहीत. पुढचे डोळे वाचतात असेही म्हणता येत नाही, कारण बापानंतर मुलगा गादीवर येतोच.

राजाला कोणीच शासन करू शकत नसेल तर प्रजेने काय करावे, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला टाळता येणार नाही. प्रजेच्या पीडेतून उठलेला अग्नी राजाचे कुळ, लक्ष्मी आणि प्राण जाळल्यावाचून विझत नाही, अशा आशयाचा इशारा याज्ञवल्क्यानेच दिला आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात तर रक्षण न करणाऱ्या राजाला मारण्यापर्यंत मजल गेली आहे. भागवतात वेनाची कथा आहे. उन्मत्त झालेल्या राजाला ऋषींनी मारले. परंतु भागवतकार तेथे थांबत नाहीत. राजा मरताच चोर आणि लुटारू यांनी देश व्यापला, लोक एकमेकांना लुटू लागले, आणि त्याच ऋषींना वेनाच्या देहाचे मंथन करून पृथूला निर्माण करावे लागले. कीर्तनात आपण वेनाच्या वधापाशी टाळ्या देतो आणि मधल्या अराजकाचा अध्याय घाईने ओलांडतो. मारणे क्षणाचे काम असते. पृथू घडविण्याची तयारी नसेल त्याने वेनाला हात लावू नये, हा त्या कथेचा खरा बोध आहे. कल्याणात पृथू निर्माण झाला नाही. कलचुरींचे राज्य पुढे जेमतेम पंधरासोळा वर्षे टिकले. चालुक्यांनी ते काही काळ परत मिळविले. मग देवगिरीचे यादव आणि द्वारसमुद्राचे होयसळ यांनी त्याचे वाटे केले. कल्याणची थोरवी पुन्हा आली नाही.

आणि शरणांचे काय झाले? परंपरा सांगते की राजाच्या मृत्यूनंतर त्यांच्यामागे सैन्य लागले आणि ते दाही दिशांना पांगले. चन्नबसवण्णांबरोबरची मंडळी वचनांच्या पोथ्या वाचवीत सह्याद्रीच्या रानात, उत्तर कन्नडातील उळवीपर्यंत पोचली. गोव्याकडील वाचकांना ते क्षेत्र परिचित असेल. परटाने, नावाड्याने, दोरखंड वळणाऱ्याने कोणाला मारले नव्हते. जातीचा भेद विसरून एकत्र जेवणारी, एकत्र विचार करणारी ती सभा बारा-पंधरा वर्षे नांदली होती. तिला आणखी पन्नास वर्षे शांतपणे मिळाली असती तर दक्षिणेच्या समाजाचे रूप काय झाले असते, याचा विचार मन उदास करतो. एका खंजिराने राजाचे प्राण गेले असतील; त्या सभेचे आयुष्यही त्यानेच गेले. ज्या बसवेश्वरांनी दयेला धर्माचे मूळ मानले, त्यांच्या नावावर ही हत्या मांडणे हे त्यांच्या शिकवणीच्याही विरुद्ध जाते.

या कथेने आपल्या काळातील लेखकांनाही स्वस्थ बसू दिले नाही. गिरीश कर्नाड यांचा जन्म माथेरानचा, घरची भाषा कोंकणी, बालपणीचे शिक्षण मराठीत आणि लेखन कानडीत. त्यांनी १९९० मध्ये ‘तलेदंड’ हे नाटक याच विषयावर प्रसिद्ध केले आणि १९९४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. देश जातीच्या आणि मंदिराच्या प्रश्नांवर पेटलेला असताना त्यांना कल्याण आठवले, यावरून तो खटला अजून मिटलेला नाही, हे दिसते.

तो का मिटत नाही, याचे उत्तर मिताक्षरेनेच सुचविले आहे. व्यवहार म्हणजे खटला हा चार पायांचा असतो: फिर्याद, उत्तर, पुरावा आणि निर्णय. दुसऱ्या पायाला, म्हणजे आरोपीच्या उत्तराला, वगळले तर खटला उभाच राहत नाही. हरळय्या आणि मधुवरस यांचे उत्तर कोणी ऐकले? रामय्याच्या प्रकरणात दोन्ही बाजू ऐकून जयपत्र देणारा राजा या प्रकरणात कोणते शास्त्र, कोणता अपराध आणि कोणता पुरावा पाहून डोळे काढावयास निघाला? हा त्या नगरीतील पहिला गुन्हा होता. त्याचे उत्तर बिज्जळाने द्यावयाचे होते. भर सभेत त्याला विचारले जावयास हवे होते. जगदेवाने त्याला मारले आणि ते उत्तर देण्याच्या कर्तव्यातून त्याची कायमची सुटका केली. राजाने हरळय्याच्या खटल्याचा दुसरा पाय तोडला, जगदेवाने राजाच्या खटल्याचा तोच पाय तोडला. त्या दिवसापासून जग विचारीत आहे, ‘बिज्जळाला कोणी मारले?’ हरळय्याला कोणत्या कायद्याने आंधळे केले, हा प्रश्न मागे पडला आणि त्याच्या यातना दुसऱ्याच्या खुनाचे ‘कारण’ म्हणून तेवढ्या उरल्या. मंगळवेढ्याला १३३८ साली भिंत कोसळून चोखोबा आणि त्यांच्याबरोबरचे मजूर गाडले गेले, त्या मृत्यूचा जाब कोणी कोणाला विचारल्याचे ऐकिवात नाही. राजाच्या मरणाला इतिहासात जागा असते, चर्मकाराच्या डोळ्यांना ती मिळवून द्यावी लागते, आणि ती न्यायानेच मिळते.

येथे आणखी एक विचार पुढे येईल: राजाला विचारणार कोण? त्याचे उत्तर आपल्या मराठी इतिहासात आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांकडून खून झाला. राघोबादादा गादीवर आले. ‘ध’ चा ‘मा’ केल्याची दंतकथा लोकांनी लक्षात ठेवली. परंतु तिच्याहून मोठी गोष्ट रामशास्त्री प्रभुण्यांची आहे. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते आणि सैन्यही नव्हते. त्यांनी चौकशी केली आणि राज्य करीत असलेल्या पेशव्याला तोंडावर सांगितले की या पापाला देहान्त प्रायश्चित्त आहे. मग ते पद सोडून पुण्याबाहेर गेले. राघोबांना ते प्रायश्चित्त कोणी दिले नाही. ते पुढे अनेक वर्षे जगले. शिक्षेच्या दृष्टीने रामशास्त्री हरले असे म्हणता येईल. तरीही त्या खटल्याचा निकाल लागला आहे. अडीचशे वर्षांत कोणी त्यावर अपील केलेले नाही. शनिवारवाड्यात गुन्हेगार सुटला आणि न्याय झाला. कल्याणात, परंपरा खरी मानली तर, गुन्हेगार मारला गेला आणि न्याय राहून गेला. सत्ताधाऱ्याला शासन करण्याचे सामर्थ्य नसतानाही त्याचा अपराध स्पष्ट शब्दांत, पुराव्यानिशी, सर्वांसमक्ष नोंदवून ठेवणे हे दुबळेपणाचे काम नाही. याज्ञवल्क्यानेही व्यवहाराध्यायाच्या शेवटी, राजाने अन्यायाने घेतलेला दंड तीसपट करून वरुणाला निवेदन करावा आणि ब्राह्मणांना द्यावा, असे सांगून राजालाही कायद्याखालीच ठेवले आहे.

देवस्थानाभोवती जगणाऱ्या आपल्यासारख्या समाजांना या चर्चेचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. आपल्या हाती राजदंड नाही आणि खंजीरही नाही. परंतु आपल्याजवळ बहिष्कार होता. ग्रामण्ये झाली, मुलीने परजातीत लग्न केले म्हणून घरांना देवळाच्या पालखीचा मान नाकारला गेला, पंगतीतून पाने उठविली गेली. त्यांतील कितीजणांचे उत्तर ऐकून घेतले होते? महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र अधिनियम केला, म्हणजे ही गोष्ट फार जुनी झालेली नाही. आणि ज्यांना असे बाहेर टाकले, त्यांच्या मुलांनी पुढे सूडबुद्धीने त्या देवळाचे, त्या समाजाचे नाव टाकले, तेही आपण पाहिले आहे. दोन्हीकडून दुसरा पाय तुटतो आणि मधे देव एकटा राहतो.

बसवकल्याणला जाणारा यात्रेकरू आज तेथे बसवेश्वरांना वंदन करतो, हे योग्यच आहे. जाता जाता त्याने हरळय्या आणि मधुवरस यांचीही आठवण करावी. त्यांच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या सुडाचा अभिमान बाळगण्याऐवजी, आपल्या गावात, आपल्या देवस्थानात, आपल्या घरात ज्याच्यावर आरोप आहे त्याला शिक्षेपूर्वी बोलू दिले जाईल एवढे त्याने पाहावे. मिताक्षरेच्या नगरीने सांगितलेला धर्म तोच आहे.